एक देश, तीन पुस्तकं : जग वाचण्याची एक रीत

संयुक्त राष्ट्रसंघाचे सदस्य असलेले देश आहेत १९३. प्रत्येक देशाचं एक पुस्तक वाचायचं म्हटलं, तर महिन्याला दोन या हिशेबाने आठ वर्षं लागतील. ब्रिटिश लेखिका अ‍ॅन मॉर्गन यांनी २०१२ साली हे काम वर्षभरात करायचं ठरवलं आणि तडीसही नेलं. आज असे कितीतरी वाचक भेटतात, जे नकाशा समोर ठेवून वाचलेला एकेक देश रंगवत जातात.

हौस म्हणून ते सुंदरच आहे. पण एखादा देश जवळून कळावा अशी ओढ असेल, तर मी वेगळी रीत सुचवेन. देश कमी निवडा आणि प्रत्येकात जास्त काळ राहा. एका देशाची निदान तीन पुस्तकं वाचा. शितावरून भाताची परीक्षा देशांच्या बाबतीत होत नाही. एका पुस्तकातून एक घर कळतं, एक गाव कळतं, एक काळ कळतो. दुसरं पुस्तक पहिल्याला हटकतं, आणि तिसरं दोघांनाही न दिसलेला कोपरा दाखवतं. महिन्याला एक पुस्तक धरलं तर वर्षात चार देश होतात. तेवढे पुरेत.

पहिली पायरी : आधी प्रश्न, मग देश

नकाशावर डोळे मिटून बोट ठेवायचं आणि तिथलं पुस्तक शोधायचं, हा खेळ दोन-तीनदा रंगतो. पुढे तो रेंगाळतो, कारण त्या देशाबद्दल आपल्या मनात काही विचारायचंच नसतं. त्यापेक्षा प्रश्नापासून सुरुवात करा. एखाद्या देशाचं नाव बातम्यांत फक्त युद्धामुळे येत असेल, तर ‘युद्ध नसताना तिथली माणसं कशी जगत होती?’ हा प्रश्न पुरेसा आहे. एखादी नदी, एखादं बंदर, एखादा पूलही चालतो.

पुलाचंच उदाहरण घेऊ. बोस्नियातल्या विशेग्राद गावी द्रिना नदीवर एक दगडी पूल आहे. सोळाव्या शतकात ऑटोमन साम्राज्याचा वजीर मेहमेद पाशा सोकोलोविच याने तो बांधवून घेतला. हा वजीर मूळचा त्याच मुलखातला. लहानपणी त्याला घरातून उचलून इस्तंबूलला नेलं होतं. इव्हो आंद्रिच यांच्या १९४५ च्या ‘द ब्रिज ऑन द द्रिना’ या कादंबरीत माणसं येतात आणि जातात, पूल तेवढा उभा असतो. पूल बांधला जातो तिथपासून १९१४ पर्यंतचा काळ त्यात आहे. ‘बाल्कन प्रदेशात इतकी भांडणं का?’ असा ढोबळ प्रश्न घेऊन हे पुस्तक उघडलं, तर काही पानांतच तो प्रश्न बदलतो. इतके वेगळे लोक एकाच पुलावर इतकी वर्षं कसे बसत होते, हे विचारावंसं वाटू लागतं. प्रश्न असा बदलला की समजावं, देश निवडताना चूक झालेली नाही.

दुसरी पायरी : लेखक कुठे उभा आहे?

पुस्तक हातात घेण्याआधी तीन गोष्टी शोधा. लेखक त्या देशात राहून लिहितो, देश सोडून लिहितो, की बाहेरून येऊन लिहितो? मूळ पुस्तक कोणत्या भाषेत आहे? आणि ते लिहिताना त्याच्यासमोर कोणता वाचक होता?

अफगाणिस्तान म्हटलं की बहुतेकांच्या हाती खालिद हुसैनी यांची ‘द काइट रनर’ येते. २००३ साली आलेली ही कादंबरी अमेरिकेत राहणाऱ्या लेखकाने इंग्रजीत लिहिली आहे. ती आवर्जून वाचावी अशीच आहे, पण ती मुलूख सोडून गेलेल्या माणसाची आठवण आहे, हे मनाशी ठेवून वाचावी. तिच्या शेजारी ‘माय पेन इज द विंग ऑफ अ बर्ड’ हा २०२२ चा कथासंग्रह ठेवा. त्यात १८ अफगाण लेखिकांच्या कथा दारी आणि पश्तोतून अनुवाद होऊन आल्या आहेत. पहिल्या पुस्तकात काबूल आठवणीतून येतं, दुसऱ्यात ते रोजच्या जगण्यातून येतं. दोन्ही खरी, पण त्यांची अंतरं वेगळी.

पुस्तक कोणासाठी लिहिलंय ते ओळखायची एक साधी खूण आहे. लेखक वस्तू, सण, नाती सारखी समजावून सांगत असेल, तर त्याच्या मनातला वाचक परका आहे. काहीही न समजावता तो पुढे जात असेल, तर तो घरच्यांशी बोलतो आहे आणि आपण दाराआडून ऐकतो आहोत. मला दुसऱ्या प्रकारची पुस्तकं जास्त देणारी वाटतात. सुरुवातीची तीस-चाळीस पानं ती जड जातात, नंतर त्यांचा हात सुटत नाही.

बाहेरून आलेल्या लेखकाची पुस्तकं वर्ज्य करायची असं मी म्हणत नाही. हेमिंग्वे अमेरिकन, पण क्युबात बरीच वर्षं राहिला, आणि त्याच्या १९५२ च्या म्हाताऱ्या कोळ्याच्या गोष्टीत क्युबाचा समुद्र आहे. पु. ल. देशपांडे यांनी ती ‘एका कोळियाने’ या नावाने मराठीत आणली. ती वाचून झाली की हवानातच राहून लिहिणारे लिओनार्दो पादुरा घ्या. मारिओ कोंदे नावाच्या पोलीस अधिकाऱ्याच्या त्यांच्या कादंबऱ्या आहेत. इथे एक सल्ला जाता जाता देतो : शहर वाचायचं असेल तर तिथल्या गुप्तहेरकथा वाचा. तपास करणाऱ्या माणसाला बंगल्यातही जावं लागतं, चाळीतही जावं लागतं, आणि दोन्हीकडे खोटं कसं बोलतात तेही ऐकावं लागतं. एवढी शहरभर फिरणारी पात्रं गंभीर म्हणवणाऱ्या कादंबऱ्यांत क्वचित सापडतात.

तिसरी पायरी : तीन पुस्तकं निवडणं

ही पायरी सगळ्यांत महत्त्वाची, म्हणून एकच देश घेऊन नीट पाहू. नायजेरिया.

पहिलं पुस्तक उघडच आहे : चिनुआ अचेबे यांचं ‘थिंग्ज फॉल अपार्ट’, १९५८. इग्बो समाजातलं उमुओफिया हे कल्पित गाव, ओकोन्क्वो नावाचा तापट, कर्तबगार कुस्तीगीर, आणि पुस्तकाच्या मोठ्या भागात फक्त त्या गावाचं चालणं : सुरणाची लागवड, न्यायनिवाडा, लग्नं, शांततेचा आठवडा. मिशनरी आणि गोरे अधिकारी बरेच उशिरा येतात. हा उशीर लेखकाने विचारपूर्वक ठेवलाय. ते येईपर्यंत वाचक गावात इतका रुळलेला असतो की आता परके वाटतात ते आलेले. शेवटी एक जिल्हाधिकारी ओकोन्क्वोवर आपल्या पुस्तकात एखादा परिच्छेद लिहावा असा विचार करतो. अख्खी कादंबरी वाचून त्या ओळीपाशी पोचल्यावर बाहेरून लिहिणं म्हणजे काय, हे वेगळं शिकवावं लागत नाही.

दुसरं पुस्तक पहिल्याला हटकणारं हवं. ओकोन्क्वोच्या घरात बायका तीन, पण गोष्ट त्याची. म्हणून दुसरं घ्या बुची एमेचेटा यांचं ‘द जॉइज ऑफ मदरहूड’, १९७९. न्नू एगो ही इग्बो बाई इबुझा गावातून लागोस शहरात येते. तिचा नवरा एका गोऱ्या कुटुंबाचे कपडे धुतो. गावात मुलं हीच संपत्ती होती, शहरात त्याच मुलांचं पोट भरताना ती झिजत जाते. अचेबेंच्या गावातली जी रीत आपल्याला भक्कम वाटली होती, ती शहरातल्या भाड्याच्या खोलीत एका बाईवर कशी उलटते ते इथे दिसतं.

तिसरं चिमामांडा न्गोझी अदिची यांचं ‘हाफ ऑफ अ यलो सन’, २००६. नायजेरिया १९६० मध्ये स्वतंत्र झाला आणि १९६७ ते १९७० या काळात बियाफ्रा या फुटून निघालेल्या पूर्व भागाचं यादवी युद्ध झालं. अदिचींचा जन्म युद्धानंतरचा, १९७७ चा, पण त्यांचे दोन्ही आजोबा त्या युद्धात गेले. न्सुक्काच्या विद्यापीठात गप्पांच्या मैफली रंगवणारी प्राध्यापक मंडळी, त्यांच्याकडे कामाला आलेला खेड्यातला पोरगा उग्वू, आणि काही वर्षांत निर्वासितांच्या छावणीत पोचलेली तीच माणसं.

तीन पुस्तकं झाली आणि नायजेरिया कळला असं वाटायला लागतं. इथेच थांबून नकाशा पाहावा. तिन्ही लेखक इग्बो आहेत आणि तिन्ही गोष्टींचा जीव इग्बो समाजात आहे. नायजेरियात पाचशेच्या आसपास भाषा बोलल्या जातात. योरुबा समाज कुठे आहे? मुस्लिम उत्तर कुठे आहे? योरुबांसाठी वोले सोयिंका यांचं ‘आके’ हे १९८१ चं बालपणाचं आत्मकथन आहे. अबेओकुटा गावातलं मुख्याध्यापकाचं घर, मिशनचं आवार आणि पुढेपुढे करांविरुद्ध उठलेल्या बायका, हे सगळं एका मुलाच्या नजरेतून येतं. उत्तरेसाठी अबुबकर अदम इब्राहिम यांची ‘सीझन ऑफ क्रिमझन ब्लॉसम्स’ ही २०१५ ची कादंबरी : पंचावन्न वर्षांची विधवा बिन्ता आणि तिच्याहून खूप लहान असलेला एक गुंड. म्हणजे ‘एक देश, तीन पुस्तकं’ हा नियम सुरुवातीपुरता. तीन पुस्तकांनंतर आपण काय वाचलं नाही ते सांगता आलं, तर त्या तीन पुस्तकांनी काम केलं.

कुठल्याही देशाला ही रीत अशी लावा. पहिलं पुस्तक त्या देशात ज्याला आधारस्तंभ मानतात ते. दुसरं त्या पहिल्यात गप्प बसवलेल्या माणसाचं, म्हणजे बाईचं, नोकराचं, अल्पसंख्याकाचं किंवा हरलेल्या बाजूचं. तिसरं गेल्या वीस-पंचवीस वर्षांतलं. जुनीच पुस्तकं वाचत बसलं तर तो देश आपल्या मनात पन्नास वर्षांपूर्वी थांबलेला राहतो. तिसऱ्या पुस्तकाच्या बाबतीत आळस करू नका एवढंच सांगेन.

चौथी पायरी : कोणत्या भाषेत वाचायचं

मराठीत अनुवाद असेल आणि तो चांगला असेल, तर तोच घ्या. शांता शेळके यांची ‘चौघीजणी’ आणि राम पटवर्धन यांचं ‘पाडस’ ही आपल्याकडची दोन मोठी उदाहरणं आहेत. ‘पाडस’मधलं फ्लोरिडाचं झुडपी रान मराठी वाचकाच्या मनात ज्या तऱ्हेने उगवलंय, तसं इंग्रजीतून उगवलं असतं असं मला वाटत नाही. मराठीत पुस्तक नसेल तर हिंदी पाहा, मग इंग्रजी.

अनुवाद उघडला की पहिल्या पानांवर दोन गोष्टी बघा. अनुवादकाचं नाव आहे का, आणि तो मूळ भाषेतून केलाय की मधल्या एखाद्या भाषेतून? अल्बानियाचे इस्माइल कादारे यांची बरीच पुस्तकं इंग्रजीत फ्रेंचमार्गे आली. अशी पुस्तकं टाकून द्यायची नसतात. फक्त वाक्यांच्या नादावरून लेखकाच्या शैलीबद्दल मत बनवताना हात जरा आखडता घ्यावा. अनुवादकाचं नाव लक्षात ठेवण्याचा आणखी एक फायदा आहे. आवडलेल्या अनुवादकाची इतर पुस्तकं शोधली की ऐकलेही नव्हते असे लेखक सापडतात. आंतरराष्ट्रीय बुकर पुरस्काराची रक्कम २०१६ पासून लेखक आणि अनुवादक समसमान वाटून घेतात, त्यामुळे त्या पुरस्काराच्या याद्या अनुवादक शोधायला फार उपयोगी पडतात.

लेखकाने भाषा कोणती निवडली हीसुद्धा त्या देशाची माहितीच असते. अचेबेंनी इंग्रजीत लिहिलं आणि ती इंग्रजी आपल्याला हवी तशी वाकवली. केनियाचे न्गूगी वा थियोंगो आधी इंग्रजीत लिहीत, मग गिकुयू भाषेकडे वळले. १९७७-७८ मध्ये तुरुंगात असताना त्यांनी गिकुयूतली कादंबरी शौचालयातल्या कागदावर लिहून काढली. दोघांनीही विचार करून घेतलेले हे निर्णय आहेत, आणि परक्या सत्तेने भाषेचं काय केलं हे समजून घ्यायला ते शेजारी शेजारी ठेवण्यासारखे आहेत.

पाचवी पायरी : अर्ध्या तासाची तयारी

जास्त नको. विश्वकोशातल्या नोंदी आधीच वाचून काढल्या तर कादंबरीला सांगायला काही उरत नाही. मी तीनच गोष्टी करायला सांगेन.

नकाशा काढा आणि पुस्तकातली ठिकाणं शोधा. नगीब महफूझ यांच्या कैरोवरच्या तीन कादंबऱ्यांची मूळ अरबी नावं कैरोतल्या खऱ्या रस्त्यांची आणि वस्त्यांची आहेत. नकाशावर ती एकमेकांपासून किती जवळ आहेत हे पाहिलं की त्या कुटुंबाचं जग केवढंसं होतं ते उमगतं. अडीच दशकांत ब्रिटिशविरोधी आंदोलन आणि दोन महायुद्धं त्या जगातून जातात, पण बापाचं घर, मुलाचं घर, लेकीचं घर ही सारी हाकेच्या अंतरावर.

पाच-सहा सनावळ्या एका कागदावर लिहून पुस्तकात ठेवा : देश स्वतंत्र कधी झाला, शेवटचं मोठं युद्ध कधी, गोष्ट घडते तो काळ कोणता, पुस्तक कधी आलं. शेवटच्या दोन तारखांमधलं अंतर खूप काही सांगतं.

आणि पुस्तक कसं जन्मलं ते जाणून घ्या. इंडोनेशियाचे प्रमुद्या अनंता तूर यांना बुरू बेटावर कैदेत ठेवलं होतं. लिहायला कागद मिळत नव्हता तेव्हा त्यांनी आपली गोष्ट सोबतच्या कैद्यांना तोंडी सांगितली. सुटकेनंतर १९८० मध्ये ‘धिस अर्थ ऑफ मॅनकाइंड’ हा तिचा पहिला भाग छापला गेला आणि पुढच्याच वर्षी त्यावर बंदी आली. हे ठाऊक असलं की कादंबरीतला तो ऐसपैस, गोष्ट सांगत बसल्यासारखा सूर वेगळा ऐकू येतो.

पात्रांची नावं गोंधळात टाकणार असतील, तर पहिल्या पानावर पेन्सिलीने वंशावळ मांडा. कोलंबियाचे गॅब्रिएल गार्सिया मार्केझ यांच्या ‘वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड’मध्ये तर पिढ्यान्‌पिढ्या तीच दोन नावं फिरत राहतात. तिथे वंशावळीला पर्याय नाही.

सहावी पायरी : वाचताना वही

वहीचं पान दोन भागांत विभागा. डावीकडे पुस्तकात दिसलेलं लिहा : काय खातात, पाणी कुठून आणतात, थोरल्यांना कसं हाकारतात, पैसे कोणाच्या हातात असतात, घरात परका आला तर कुठे बसवतात, मेलेल्या माणसाचं काय करतात. उजवीकडे वाचण्याआधी आपण काय धरून चाललो होतो ते लिहा. डावीकडच्या ओळी माहितीच्या असतात. उजवीकडच्या ओळी आपल्याबद्दलच्या असतात, आणि महिन्याभराने वाचल्या तर त्याच जास्त शिकवतात.

प्रत्येक अनोळखी शब्दाला थांबून शोधाशोध करू नका. एखादं फळ, एखादं वाद्य, एखादी शिवी संदर्भातून कळते तेवढी पुरे. जो शब्द तिसऱ्यांदा आला आणि तरी अडला, तोच शोधा.

या पायरीवर कादारे यांच्या ‘ब्रोकन एप्रिल’ची मला हटकून आठवण होते. उत्तर अल्बानियाच्या डोंगराळ पठारावर पिढीजात सूडाचे नियम कानून नावाच्या संहितेने बांधलेले आहेत. ग्योर्ग नावाचा तरुण घराण्याच्या सूडापोटी एकाला मारतो, आणि आता त्याला तीस दिवसांचं अभय आहे. त्यानंतर त्याचाही जीव जाणार. त्याच रस्त्यावरून राजधानी तिरानाचा लेखक बेसियन आपल्या नव्या बायकोला घेऊन मधुचंद्राला निघालाय. त्याला त्या पठाराच्या रीतीभातींचं भारी कौतुक. जे ग्योर्गचं मरण आहे ते बेसियनला भव्य, पुरातन, काव्यमय वाटतं. दुसऱ्या देशाचं पुस्तक वाचताना आपल्यातला बेसियन जागा होतोच. ‘किती वेगळं, किती विलक्षण’ असं मनात आलं की वहीत त्या पानाचा आकडा टिपा आणि त्या जागी ग्योर्गला काय वाटलं असेल ते एका ओळीत लिहून बघा. हा सराव कंटाळवाणा वाटला तरी सोडू नये. वाचनातून देश कळणं आणि देशाची नुसती शोभा पाहणं यांतला फरक याच सरावातून कळत जातो.

सातवी पायरी : भांडणारी पुस्तकं शेजारी ठेवा

काही पुस्तकं दुसऱ्या पुस्तकाला उत्तर म्हणूनच लिहिलेली असतात. अशी जोडी मिळाली तर बाकी सगळं बाजूला ठेवून ती वाचा.

आल्बेर काम्यू यांची ‘ल एत्रांजे’ ही १९४२ ची कादंबरी अल्जियर्समध्ये घडते. मर्सो हा फ्रेंच नायक समुद्रकिनाऱ्यावर एका अरब माणसाला गोळ्या घालतो. त्या मेलेल्या माणसाला कादंबरीत नावच नाही. जगभर ही कादंबरी वाचली गेली, अभ्यासली गेली, आणि बहुतेकांना ते खटकलं नाही. २०१३ मध्ये अल्जेरियाचे कामेल दाऊद यांनी ‘द मर्सो इन्व्हेस्टिगेशन’ लिहिली. तीत मेलेल्याचा भाऊ हारून, आता म्हातारा झालेला, ओरानच्या एका बारमध्ये बसून आपल्या भावाची गोष्ट सांगतो. भावाचं नाव मुसा. पण दाऊद तेवढ्यावर थांबत नाहीत. १९६२ मध्ये देश स्वतंत्र झाल्यावर हारूनही एका फ्रेंच माणसाला मारतो, आणि नव्या देशाला त्या खुनाचं काय करायचं तेच समजत नाही. फ्रेंच सत्तेवर रागावलेलं हे पुस्तक स्वतंत्र अल्जेरियावरही तितकंच रागावलेलं आहे. कुठल्याही एका पुस्तकातून हे कळलं नसतं.

अशीच दुसरी जोडी : शार्लट ब्राँटे यांची ‘जेन एअर’, १८४७, आणि जीन ऱ्हीस यांची ‘वाइड सारगासो सी’, १९६६. पहिलीतल्या माडीवर कोंडलेल्या वेड्या बाईला दुसरीत कॅरिबियन बेटांवरचं बालपण मिळतं. काँगोतल्या प्रवासावर आधारलेल्या कॉनरॅड यांच्या ‘हार्ट ऑफ डार्कनेस’वर अचेबेंनी १९७५ मध्ये एका व्याख्यानात कडाडून टीका केली. ते छापील रूपात मिळतं आणि छोटं आहे. कादंबरी वाचल्यावर लगेच वाचा. कोणाची बाजू घ्यायची ते मी सांगणार नाही, पण दोन्ही वाचून झाल्यावर कादंबरीची पहिली वीस पानं पुन्हा वाचा एवढं नक्की सांगेन.

आठवी पायरी : गोष्ट आणि इतिहास यांची सांधेजोड

कादंबरी खरी असते म्हणून तिच्यातले आकडे खरे ठरत नाहीत. कोलंबियात १९२८ च्या डिसेंबरमध्ये सिएनागा इथे केळीच्या मळ्यांतल्या संपकरी मजुरांवर सैन्याने गोळीबार केला. मार्केझ यांनी तो प्रसंग ‘वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड’मध्ये घेतला आणि मृतांचा आकडा तीन हजार केला. पुढे लोक तोच आकडा इतिहासातला म्हणून सांगू लागले. मार्केझ यांनी स्वतः मुलाखतीत मान्य केलं की कादंबरीच्या आकाराला शोभेल असा आकडा त्यांनी घेतला होता. खरे मृत किती, हा वाद आजही मिटलेला नाही.

म्हणून प्रत्येक देशामागे एक तरी कादंबरीबाहेरचं पुस्तक किंवा मोठा लेख जोडा. आत्मकथन, इतिहास, वृत्तांत, काहीही. बेलारूसच्या स्वेतलाना अलेक्सिएविच यांनी १९८६ च्या चेर्नोबिल दुर्घटनेवर केलेलं पुस्तक साऱ्या साक्षींचं आहे : अग्निशामक जवानांच्या बायका, सैनिक, गाव न सोडलेल्या म्हाताऱ्या. बेलारूससाठी माझ्या यादीत ते कायम पहिलं असतं.

नववी पायरी : पुस्तकं मिळवायची कुठून

वाचनालयात लेखकाच्या नावाने विचारा आणि तिथे नसेल तर दुसऱ्या ग्रंथालयातून मागवून देतात का ते विचारा. बऱ्याच मोठ्या ग्रंथालयांत ही सोय असते आणि ती फारसं कोणी वापरत नाही. आफ्रिकेसाठी हाइनमान प्रकाशनाची ‘आफ्रिकन रायटर्स सिरीज’ लक्षात ठेवा. ती १९६२ मध्ये सुरू झाली आणि अचेबे तिचे पहिले सल्लागार संपादक होते. जुन्या पुस्तकांच्या ढिगात या मालिकेचं नाव दिसलं तर लेखक माहीत नसला तरी उचला. स्वामित्वहक्क संपलेली जुनी पुस्तकं प्रोजेक्ट गुटेनबर्गवर मोफत आहेत. फिलिपिन्सच्या होसे रिझाल यांची १८८७ ची ‘नोली मे तांगेरे’ ही कादंबरी तिथे इंग्रजीत मिळते. नव्या अनुवादित कथा-कविता चाखून बघायच्या असतील, तर ‘वर्ड्स विदाउट बॉर्डर्स’ आणि ‘असिम्प्टोट’ ही ऑनलाइन नियतकालिकं आहेत.

वेळ कमी असेल तर पातळ पुस्तकांपासून सुरुवात करा. सेनेगलच्या मारियामा बा यांचं ‘सो लाँग अ लेटर’, मेक्सिकोच्या हुआन रुल्फो यांचं ‘पेद्रो पारामो’, किरगिझस्तानच्या चिंगीझ ऐतमातोव यांची ‘जमिला’ ही तिन्ही दोन-तीन बैठकींत संपतात. मुलांसोबत वाचणार असाल तर तेत्सुको कुरोयानागी यांचं ‘तोत्तोचान’ मराठीत आहे. रेल्वेच्या डब्यांत भरणारी ती तोमोए शाळा १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळाली. मुलांना युद्धाबद्दल पहिल्यांदा सांगायला ते शेवटचं प्रकरण पुरेसं होतं.

लहान देशांचं काय? काही देशांची पुस्तकं अनुवादात मिळतच नाहीत. अ‍ॅन मॉर्गन यांना साओ टोमे आणि प्रिन्सिपेचं इंग्रजी पुस्तक सापडेना, तेव्हा स्वयंसेवकांनी मिळून एक पुस्तक पोर्तुगीजमधून त्यांच्यासाठी अनुवादित केलं. आपल्याला इतकं करता येणार नाही. पण लोककथांचे संग्रह, एखादी सुटी कथा, एखाद्या कवीच्या चार कविता यांनाही ‘त्या देशाचं वाचन’ म्हणायला हरकत नाही. जिथे साहित्य मुख्यतः तोंडी आहे, तिथे छापील कादंबरीचाच हट्ट धरणं त्या देशावर अन्याय करणारं आहे.

पुढचा देश

चार देश झाल्यावर पाचवा शोधायला यादीकडे जाऊ नका. वाचलेल्या पुस्तकातच तो सापडतो. हिंदी महासागराचं उदाहरण देतो. अब्दुलरझाक गुर्ना मूळचे झांझिबारचे. त्यांची ‘पॅरडाइज’ ही १९९४ ची कादंबरी युसुफ नावाच्या मुलाची आहे. बापाने कर्जापोटी त्याला अझीझ या व्यापाऱ्याच्या हवाली केलंय. व्यापाऱ्यांचे तांडे पूर्व आफ्रिकेच्या आतल्या भागात जातात आणि मागून जर्मन सैन्य येतंय. या किनाऱ्यावर अरब व्यापारी कुठून आले असं विचारलं की ओमान समोर येतो. एकोणिसाव्या शतकात ओमानच्या सुलतानाने आपली राजधानीच झांझिबारला हलवली होती. मग ओमानसाठी जोखा अल्हार्थी यांची ‘सेलेस्टियल बॉडीज’ घ्या. २०१९ चा आंतरराष्ट्रीय बुकर तिला मिळाला. मूळ अरबीत लिहिलेलं पुस्तक तो पुरस्कार जिंकण्याची ती पहिलीच वेळ. तीन बहिणींच्या त्या गोष्टीत झरीफा नावाची गुलाम बाई आहे, आणि ओमानमध्ये गुलामगिरी कायद्याने संपली १९७० मध्ये. झरीफासारख्यांचे पूर्वज कोणत्या किनाऱ्यावरून आणले होते, ते गुर्ना वाचून आपल्याला आधीच ठाऊक असतं.

तिथून केनियाच्या किनाऱ्यावर यायचं, इव्हॉन अधिआंबो ओवूर यांच्या २०१९ च्या ‘द ड्रॅगनफ्लाय सी’साठी. पाते बेटावरची अयाना नावाची मुलगी मिंग काळातल्या चिनी खलाशांची वंशज समजली जाते आणि शिकायला चीनला पाठवली जाते. पुढचा देश कोणता ते ती कादंबरीच सांगते. चीनची तीन पुस्तकं निवडताना समुद्रकाठच्या एका तरी गोष्टीला जागा ठेवा.